बंद पडलेले कोकणातले कौलारू घर कमी खर्चात राहते कसे करावे

चिरेबंदी कौलारू घर सात-आठ वर्षे बंद राहिले की त्याची दशा पाहून बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो पाडून स्लॅबचे बांधण्याचा. तो निर्णय घाईने घेऊ नका. अशा घरात जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि जोते (जमिनीवर उचललेला पायाचा चौथरा) सहसा शाबूत असतात. गेलेले असतात ते काही वासे (छपराची उतरती लाकडे), बऱ्याचशा रिपा (वाशांवरच्या, कौले टेकणाऱ्या आडव्या पट्ट्या), पडवीचे छप्पर आणि खालचा दोन-तीन फूट गिलावा. हे सगळे मुख्यतः एकाच कारणाने होते. एखादे कौल सरकते, त्या फटीतून पाणी वाशावर उतरते, ओल्या लाकडाला आधी बुरशी आणि मग वाळवी लागते. घर राहते होते तेव्हा चुलीचा धूर रोज आढ्यापर्यंत (छपराच्या सगळ्यात वरच्या आडव्या लाकडापर्यंत) जायचा, त्यामुळे लाकूड कोरडे राहायचे आणि किडा दूर असायचा. घर बंद झाले की ते राखणही थांबते.

म्हणून पैसे पाण्याच्या वाटेने खर्च करायचे. आधी छप्पर, मग पागोळ्या (छपराच्या कडेवरून गळणारे पाणी) आणि घराभोवतीचा उतार, मग भिंती, आणि शेवटी जमीन, रंग, कपाटे. हा क्रम उलटला की तेच काम दोनदा करावे लागते. नवा रंग आणि नवी फरशी झालेल्या घरात पहिल्याच श्रावणात भिंतीला पोपडे सुटलेले दिसतात, ते याच चुकीमुळे. हातात असलेल्या रकमेपैकी साधारण चाळीस टक्के छपरासाठी, वीस टक्के संडास-न्हाणी आणि पाण्यासाठी, दहा-बारा टक्के विजेसाठी धरा. पंधरा-वीस टक्के रक्कम अजिबात वाटू नका. कौले उतरवल्यावर काय दिसेल ते आधी कोणालाच सांगता येत नाही, आणि हे पैसे तिथेच लागतात. उरलेल्यात भिंती आणि जमीन.

घर वडिलोपार्जित असेल तर सामान आणण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यावर नावे कोणाची आहेत ते पाहा. हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. सहहिस्सेदार असतील तर दुरुस्तीला त्यांची लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीला दुरुस्तीचे पत्र देऊन पोच घ्या. खर्च झाल्यावर निघालेला वाद मिटवणे फार महाग पडते.

पाहणी पावसात, काम दिवाळीनंतर

अंदाजपत्रक उन्हाळ्यात बसून करू नका. आषाढ-श्रावणात, पाऊस धो धो पडत असताना एक दिवस घरात जा. कुठे गळते, भिंतीला ओल किती उंच चढली आहे, अंगणातले पाणी जोत्याकडे येते की बाहेर जाते, हे तेव्हाच कळते. प्रत्येक गळतीच्या खाली जमिनीवर खडूने फुली मारा आणि फोटो काढा. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते, त्यामुळे फुटके कौल फुलीच्या बरोबर वर नसते. ते आढ्याच्या बाजूला चार-पाच फूट वरही सापडू शकते.

लाकूड तपासायला दाभण किंवा पातळ स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी पुरे. भिंतीवर टेकलेली वाशांची टोके, खांबांचे बुंधे आणि दोन पाख्यांच्या (छपराच्या उतरत्या बाजूंच्या) सांध्यातला कोनवासा ही तीन ठिकाणे आधी बघा. दाभण पाव इंचापेक्षा जास्त सहज शिरले किंवा हातोडीचा आवाज पोकळ आला तर लाकूड आतून गेलेले आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा. दोघांवर उपाय वेगळे आहेत.

भिंतीला ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावा. दहा फूट उंचीत एक इंचापेक्षा जास्त कल असेल, भिंतीला पोट आले असेल किंवा कोपऱ्यात आरपार भेग असेल, तर आधी टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याच्या फीवर पैसे वाचवू नका. लहान भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. दिवाळीपर्यंत भेग रेघेपुढे गेली नाही तर ती जुनी आणि थांबलेली आहे.

छपराचे काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवा. मे महिन्यात गावोगाव शाकारणी (पावसाआधीची छपराची डागडुजी) सुरू होते, त्यामुळे सुतार आणि गडी मिळत नाहीत आणि मिळाले तरी रोजची मजुरी वाढलेली असते. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो. त्याआधी वळवाची सर येऊ शकते, म्हणून उघड्या पाख्यावर टाकायला ताडपत्री पहिल्या दिवसापासून जवळ असू द्या.

छप्पर

आधी हिशेब. दुपाखी घर ३० फूट लांब आणि २४ फूट रुंद आहे, चारही बाजूंनी छप्पर अडीच फूट बाहेर आहे, असे धरू. वरून पाहिले तर ३५ गुणिले २९ म्हणजे १,०१५ चौरस फूट. पाख्याचा उतार ३० अंश असेल तर याला ०.८६६ ने भागा. प्रत्यक्ष पाख्यांचे क्षेत्र सुमारे १,१७० चौरस फूट भरते. मंगलोरी कौले १०० चौरस फुटांना मोडतोड धरून १५० लागतात, म्हणजे एकूण साधारण १,७५० कौले. आढ्यावरचे कोने (दोन पाख्यांचा वरचा सांधा झाकणारी कौले) वेगळे मोजायचे. एक कौल अडीच किलोच्या आसपास असते, त्यामुळे छपरावर कोरड्या कौलांचेच साडेचार टनांच्या जवळ वजन बसते, भिजल्यावर त्याहून जास्त. किडके वासे तसेच ठेवून वर कौले रचणे किती धोक्याचे आहे ते या आकड्यावरून लक्षात येईल.

रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका, आपल्या कौलावरून घ्या. दोन कौले एकमेकांत नीट बसवून जमिनीवर ठेवा आणि एकाच्या मागच्या खुंटीपासून दुसऱ्याच्या खुंटीपर्यंत मोजा. सहसा ते साडेबारा इंचांच्या आसपास येते. वरच्या हिशेबातल्या घरात पाख्याची लांबी पावणेसतरा फूट आहे, म्हणजे एका पाख्याला सतरा रिपा. दोन पाख्यांच्या ३५ फुटी चौतीस रिपा म्हणजे १,१९० फूट, वाया जाणारे धरून १,३०० फूट. वासे दीड ते दोन फुटांवर असतील तर दोन इंच बाय एक इंच रीप चालते. अंतर याहून जास्त असेल तर रीप झोल धरते, कौलांच्या खाचा उघडतात आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. अशा ठिकाणी जाड रीप घेण्यापेक्षा मधे एक वासा वाढवणे चांगले.

कौले उतरवताना दोन्ही पाखे बरोबरीने उतरवा. इकडच्या चार ओळी, मग तिकडच्या चार. एकच पाखा पूर्ण रिकामा केला तर दुसऱ्या बाजूचे वजन आढ्याला ढकलते आणि जुने सांधे सुटतात. उतरवलेली कौले उभी रचून ठेवा. आडवी थप्पी लावली की खालची फुटतात.

आता प्रत्येक कौल वाजवा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर त्यात केसासारखी चीर असते, ते बाजूला काढा. शेवाळ तारेच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा, ॲसिड लावू नका. जुन्या घरातली निम्म्याहून जास्त कौले पुन्हा वापरता येतात, आणि बजेटमधली सगळ्यात मोठी बचत इथेच होते. कमी पडतील तेवढी पाडलेल्या घरांची घ्या, पण आपले एक कौल बरोबर न्या. प्रत्येक कारखान्याच्या साच्याच्या खाचा वेगळ्या असतात. दोन कारखान्यांची कौले एकाच ओळीत बसत नाहीत, बसवली तर तिथेच गळते. इलाज नसेल तर एक प्रकार पूर्ण एका पाख्याला आणि दुसरा दुसऱ्याला वापरा. नवी कौले घ्यायची झाली तर त्यातले एक कोरडे तोला, २४ तास पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढले तर ते कौल कच्चे भाजलेले आहे.

वासा पूर्ण बदलायची गरज फार थोड्या ठिकाणी असते. बहुतेक वेळा भिंतीवर टेकलेले फूट-दीड फूट टोकच गेलेले असते. ते टोक निकोप लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच मापाचा नवा तुकडा वाशाच्या बाजूला लावा. निकोप भागावर तो किमान तीन फूट आला पाहिजे. १२ मिलिमीटरचे तीन बोल्ट वायसर घालून, एका रेषेत न घेता वरखाली ठेवून आवळा. खिळ्यांवर भागवू नका, ओल्या-सुक्या हवामानात खिळे ढिले होतात. हे करताना वासा खालून टेकूवर घेतलेला असावा. नव्या लाकडासाठी वाळलेला आईन, किंजळ किंवा फणस बघा. गावातच पाडलेल्या घराचे सागवान मिळाले तर उत्तम. ओले लाकूड स्वस्त मिळते, पण वर्षभरात पिळवटते आणि कौलांची ओळ बिघडवते. वाशाचे टोक भिंतीत पुरताना त्याच्या बाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवा. सिमेंटने गच्च बंद केलेले टोक सगळ्यात आधी कुजते.

भुंगेऱ्यासाठी बोरिक ॲसिड आणि टाकणखार (बोरॅक्स) वापरा. १०० ग्रॅम बोरिक ॲसिडला १५० ग्रॅम टाकणखार, हे पाच लिटर कोमट पाण्यात विरघळवून कोरड्या, उघड्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्या. रंग किंवा तेल असलेल्या लाकडात ते मुरत नाही आणि पाऊस लागतो तिथे धुऊन जाते, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. वाळवी मात्र जमिनीतून येते. आधी मातीला टेकलेले प्रत्येक लाकूड सोडवा आणि खांबाखाली दगड द्या. मग जमीन आणि भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोके पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर औषध सोडतात. ३०.५ टक्के इमिडाक्लोप्रिड असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर हे प्रमाण. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, आणि विहीर ज्या बाजूला जवळ आहे तिथे औषध अजिबात सोडू नका. जांभ्यातून पाणी आणि त्याच्याबरोबर औषध सहज झिरपते.

माकडांचा त्रास असेल तर कौलांच्या मागच्या भोकातून जस्ताची तार ओवून दर दुसरी ओळ रिपेला बांधा. पागोळीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक तर बांधाच. कौलांवर रंगीत पत्रा टाकण्याची सध्या चाल पडली आहे. त्याने गळती थांबते खरी, पण कौलांच्या फटींतून खेळणारी हवा बंद होते, वैशाखात घर तापते आणि पत्र्याखालची किडलेली लाकडे कोणाला दिसत नाहीत. पैसे फारच कमी असतील तर पडवीला पत्रा घाला आणि मुख्य घर कौलांनीच नीट शाकारा.

पागोळ्या आणि अंगण

या कामाला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि गुण सगळ्यात जास्त येतो. बंद घराभोवती पालापाचोळा आणि माती साचून जमीन वर चढते, कधी कधी जोत्याच्या बरोबरीला येते. मग पावसाळाभर भिंतीचा पाया पाण्यात उभा असतो. ही माती खणून काढा. जोते किमान एक ते दीड फूट उघडे दिसले पाहिजे.

पागोळ्यांचे पाणी पडते तिथे ओळीने जांभ्याचे चिरे किंवा फुटक्या कौलांचा थर घाला, म्हणजे चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. तिथून बाहेर दहा फुटांना किमान तीन इंच उतार द्या आणि पाणी चरातून खाली काढा. पन्हळ परवडत असेल तर आधी नैर्ऋत्येकडच्या बाजूला आणि दोन पाख्यांच्या सांध्यात लावा. पावसाची झड येते त्या भिंतीला जून ते सप्टेंबर झाप (विणलेल्या झावळ्या) बांधण्याची जुनी रीत आजही सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

भिंती

छप्पर पक्के झाल्यावर भिंतीला वाळू द्या. पोपडलेला गिलावा, विशेषतः नंतर कोणी लावलेला सिमेंटचा गिलावा काढून टाका आणि खिडक्या-दारे उघडी ठेवा. उन्हाळ्यातले दोन-तीन महिने यासाठी लागतात. वाळली की नाही ते बघायला दोन फूट चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव धरले तर अजून थांबा.

मातीत रचलेल्या चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा का नको? जांभा आणि माती पाणी शोषतात आणि सोडतातही. सिमेंट त्यांना सोडू देत नाही. ओल आत अडकून वर चढते, क्षार फुलतात आणि दोन-तीन पावसांत गिलावा थाळीएवढ्या पोपड्यांनी सुटतो. चुना त्या भिंतीबरोबर श्वास घेतो.

सांध्यातली भुसभुशीत माती इंचभर खोल खरवडा, पाणी शिंपडा आणि चुन्याच्या मालाने भरा. गिलाव्याला चुना १, वाळू ३. झड लागणाऱ्या बाजूला आणि खालच्या तीन फुटांना चुना १, सुरखी (भाजलेल्या विटेची भुकटी) १, वाळू २, कारण नुसता चुना ओल्यात नीट घट्ट होत नाही. सुरखीसाठी कमी भाजलेल्या विटेची भुकटी चांगली. फुटक्या कौलांची चालते, पण जोर कमी. १०० चौरस फुटांना पाऊण इंच गिलावा करायचा तर भिंतीचे खळगे धरून आठ-नऊ घनफूट माल लागतो. कळीचा (न भिजवलेला) चुना भिजवताना पाणी उकळते आणि उडते, त्यामुळे डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. भिजवलेला चुना चाळून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. कच्चा कण राहिला तर तो गिलाव्यात नंतर फुगतो आणि फोड येतो. गिलावा दोन थरांत करा, ऊन थेट लागू देऊ नका आणि आठवडाभर दिवसातून दोनदा पाण्याची फवारणी करा. वर चुन्याचीच सफेदी. डिस्टेंपर आणि प्लास्टिक रंग या भिंतींना लावू नका.

जमीन

मातीत रचलेल्या भिंती असलेल्या घरात जमिनीखाली प्लास्टिक अंथरून वर काँक्रीट आणि टाइल घातली की जमिनीतली ओल बाजूला सरकते आणि भिंतीत चढते. अशा घराला दगडी सोलिंगवर (दगड रचून केलेल्या थरावर) वाळूचा थर, चुन्याचा माल आणि शहाबादी फरशी हे सगळ्यात योग्य. भिंती सिमेंटमध्ये रचलेल्या असतील तर कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन) स्वस्त पडतो. खाली सोलिंग, त्यावर ३ इंच १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, वर दीड इंच १:२:४ चा कोबा. १०० चौरस फुटांना काँक्रीटसाठी सुमारे अडीच आणि कोब्यासाठी सव्वादोन पोती सिमेंट लागते. कोबा चार बाय चार फुटांच्या चौकोनांत काचेच्या पट्ट्या घालून करा आणि दहा दिवस पाणी धरून ठेवा. सलग केला तर तडे जाणारच. निवडून टाकलेली फुटकी कौले सोलिंगच्या फटी भरायला येतात.

संडास, पाणी, वीज

संडास-न्हाणी मुख्य घराच्या भिंतीला न चिकटवता मागे वेगळी बांधा. गळती झाली तरी ती जुन्या भिंतीत जात नाही. पाच माणसांच्या घराला दोन शोषखड्डे पुरतात. प्रत्येकाचा व्यास एक मीटर, खोली एक-सव्वा मीटर, भिंत जाळीदार, तळ उघडा, आणि दोन खड्ड्यांमध्ये किमान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर. एका वेळी एकच वापरायचा. तो भरला की चेंबरमधून दुसरा सुरू करायचा आणि पहिला दोन वर्षे बंद ठेवायचा, मग त्यातले खत हाताळता येते. विहिरीपासून दहा मीटर हे किमान अंतर सांगतात, पण जांभ्याच्या जमिनीत पंधरा-वीस मीटर ठेवा आणि खड्डे विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला घ्या. कातळावर खड्डा खणता येत नाही, तिथे सेप्टिक टँकच लागतो.

विहीर उपसून गाळ काढा. त्यानंतरच्या नेहमीच्या शुद्धीकरणासाठी हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. पाण्याची टाकी जुन्या भिंतीवर चढवू नका. ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन वजन, ते न्हाणीच्या स्लॅबवर ठेवा.

जुनी वायर एक इंचही ठेवू नका. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि कोरडे लाकूड यांची गाठ घरात नको. दिव्यांना १.५ आणि सॉकेटना २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गीझरला ४ ची स्वतंत्र लाइन, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). जांभ्यात अर्थिंग सहज लागत नाही. अंगणातली कायम ओलसर राहणारी जागा निवडा, अडीच-तीन मीटर खोल रॉड घाला आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. मीटर तोडलेले असेल तर थकबाकी आधी तपासा.

माणसे आणि सामान

छपराचे काम रोजाने द्या. आत किती किडले आहे ते माहीत नसताना दिलेला मक्ता एक तर फुगवलेला असतो, नाहीतर किडके वासे झाकून पुरा केला जातो. गिलावा आणि जमीन मात्र चौरस फुटावर द्या, मोजता येते. सामान स्वतः आणा. वाळूची गाडी आली की तिचे माप घ्या, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. निघालेले जुने लाकूड, कौले, बिजागऱ्या, कड्या मालकाच्या, हे कामाआधीच बोलून ठेवा. जुन्या सागवानी तुकड्यांतून खिडक्यांच्या चौकटी आणि दारांचे जोड निघतात, आणि गाडीभर सामान फुकट उचलून नेणारे बरेच भेटतात.

काम संपल्यावर शंभरेक कौले आणि दहा कोने पडवीत उभे रचून ठेवा, तोच साचा पुढे मिळेलच असे नाही. पहिल्या मोठ्या पावसात कोणीतरी घरात असायला हवे. जुन्या फुल्यांच्या जागा पुन्हा तपासा. एखादे कौल सरकलेले निघतेच, ते तेव्हाच आतून रिपेवर ढकलून बसवता येते. पाऊस उघडेपर्यंत वर चढू नका, ओल्या कौलांवर पाय ठरत नाही.